आधी प्लॉट, मग रस्ता

आपल्या राज्यात नियम मोडणाऱ्याला दंड असतो आणि त्याने थोडा धीर धरला तर दंडात सवलतही मिळते. शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडून विकू नयेत, असा कायदा मुंबई राज्याने 1947 साली केला. तो डावलून झालेले व्यवहार नियमित करायची सोय 2017 मध्ये झाली, तेव्हा त्यासाठी जमिनीच्या सरकारी मूल्याच्या 25 टक्के रक्कम भरायची होती. 2024 मध्ये ती 5 टक्क्यांवर आली. 2025 च्या अध्यादेशाने शहरांभोवतालच्या आणि निवासी पट्ट्यांतल्या तुकड्यांसाठी ती शून्यावर आणली. ज्याने आधीच निमूटपणे चलन भरलं, त्याला आज चारचौघांत ते सांगायचीही लाज वाटेल. सेलच्या पाटीखाली ‘लवकरच आणखी सूट’ असं लिहून ठेवलं, तर आज खरेदी कोण करेल?

आमच्या भागातल्या दलालांना हे सरकारच्या आधी कळतं. पुण्याहून हडपसर, फुरसुंगी करत दिवे घाट चढून वर आलात, की सासवडपर्यंत दोन्ही बाजूंना फलक दिसतात. हा अंजीर-सीताफळांचा मुलूख. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याच वर्षी तालुक्यात विमानतळ होणार असं जाहीर झालं. विमान अजून उतरलेलं नाही. दलाल मात्र केव्हाच उतरले.

त्यांची पद्धत सरळ आहे. शेतकऱ्याला विसार द्यायचा, जेसीबी फिरवायचा, बांध मोडायचे, मुरूम टाकायचा, फक्कीने चौकोन आखायचे आणि तोंडाशी एक कमान उभारायची. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट, 1089 चौरस फूट. एकरात असे चाळीस. रस्त्याला सोडलेले वजा केले, तरी हिशेब उत्तम बसतो. अडचण एवढीच, की 2023 पासून बागायतीत 10 गुंठे आणि जिरायतीत 20 गुंठे यांहून लहान तुकड्याची खरेदी नोंदवता येत नाही. त्याआधीची मर्यादा तर याहून मोठी होती. त्यावर तोड निघालेली आहे: सामाईक खरेदीखत. एकमेकांना कधी न पाहिलेली दहाबारा माणसं एका सातबाऱ्यावर सहहिस्सेदार होतात. नेमका कुठला गुंठा कोणाचा, हे दलालाच्या वहीत किंवा नोटरीच्या कागदावर.

अशाच एका ठिकाणी मी रस्त्याची रुंदी विचारली. पोरगा तरतरीत होता. म्हणाला, “सर, तीस फुटी आहे.” मला तर ट्रॅक्टर जेमतेम जाईल एवढीच वाट दिसत होती. “कुठंय?” “कागदावर आहे ना, सर. पुढं पंचायत करून देतीय.”

पंचायत करून देत नाही, कारण तो रस्ता पंचायतीचा नसतो. सातबाऱ्यावर ती जागा मूळ मालकाच्याच नावे राहते. तो आहे तोवर ठीक. पुढे त्याच्या मुलांचं वाजलं, की एक भाऊ येऊन मधोमध तारेचं कुंपण घालतो आणि सातबारा त्याच्या बाजूने असतो. मग तीस-चाळीस घरं एका फाटकासाठी तहसीलदाराकडे हेलपाटे घालतात. पाण्याचं तर विचारूच नका. एका गुंठ्यात घर, त्याच गुंठ्यात बोअर आणि त्याच गुंठ्यात शोषखड्डा! शेजारच्या गुंठ्यातही तेच. कोणाच्या संडासाचं पाणी कोणाच्या बोअरला लागतं, हे मे महिन्यात टँकरसाठी रांग लागते तेव्हा विचारायला फुरसत नसते. ओढा बुजवून केलेल्या प्लॉटांची परीक्षा पहिला वळीवच घेतो.

याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारायला मी तयार नाही. जिरायत रानातून वर्षाला हाती काय लागतं आणि गुंठ्याला काय भाव मिळतो, हे माहीत असून ‘काळी आई विकू नका’ असं शहरात बसून सांगणं सोपं आहे. विकत घेणाराही कोणी धनदांडगा नाही. मराठवाड्यातून पोटासाठी आलेला कंपनी कामगार, रिक्षावाला, रखवालदार, चार घरची धुणीभांडी करणारी बाई. पुण्यातला फ्लॅट यांच्या सात पिढ्यांच्या आवाक्यात नाही. सरकारने, महापालिकेने, बिल्डरने जे घर यांना दिलं नाही, ते या बेकायदा गुंठ्याने दिलं. म्हणून घरं पाडा म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचं नाही.

दोष आहे तो क्रमात. जगभरचे नगररचनाकार आधी रस्ता, नाला, शाळा, मैदान यांची जागा राखतात, मग प्लॉट पाडतात. आपण प्लॉट पाडतो, घरं होऊ देतो, ग्रामपंचायत घरपट्टीसाठी नमुना आठला नोंद घेते, विजेचा मीटर लागतो, निवडणूक येते आणि मग आराखड्याची आठवण होते. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण 2015 साली स्थापन झालं. आठशेच्या वर गावांचा प्रारूप आराखडा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हजारोंनी हरकती आल्या आणि 2025 मध्ये सरकारने तो सबंधच रद्द केला. तो आराखडा निर्दोष होता असं मी म्हणत नाही. पण या दहा वर्षांत गावांत आराखडा नव्हताच असंही नाही. दलालाचा होता, आणि त्याची अंमलबजावणी रोज चालू होती.

या गोंधळाची फळं फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांना विचारा. आधी ग्रामपंचायत. 2017 मध्ये महापालिकेत. पालिकेचा कर अंगावर आला, सोयी आल्या नाहीत, म्हणून ओरड झाली, आणि 2024 मध्ये पालिकेतून बाहेर काढून दोन्ही गावांची मिळून नगरपरिषद. ज्या गावांनी वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा सोसला, त्यांना आपलं घर नेमकं कोणाच्या हद्दीत आहे, हे पुन:पुन्हा विचारावं लागलं.

बरं, गावाने स्वतःच काही ठरवलं तर? हिवरे बाजारच्या ग्रामसभेने गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही असं ठरवलं आणि पाळलं. मला त्या गावाविषयी आदर आहे. पण तो निर्णय एकजुटीच्या बळावर टिकला आहे, आणि हडपसरपासून तासाभराच्या अंतरावर, गुंठ्याला लाखांचा भाव असताना, अशी एकजूट टिकेल असं मानणं भाबडेपणा ठरेल. इथे बंदीपेक्षा आखणी लागेल.

तिची रीत आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहे. मुंबईचा नगररचना कायदा 1915 चा. नगररचना योजनेत मालक जमिनी एकत्र करतात, त्यातून रस्ते, गटारं, मोकळ्या जागा यांचा वाटा काढतात, आणि प्रत्येकाला आधीपेक्षा लहान पण नीट आकाराचा, रस्त्याला लागून असलेला भूखंड परत मिळतो. जमीन गेली असं कोणी म्हणत नाही, कारण उरलेल्याची किंमत वाढलेली असते. तीच रीत पुढे गुजरातच्या वाट्याला गेली आणि त्यांनी या पद्धतीने अहमदाबादभोवती 76 किलोमीटरचा वर्तुळाकार रस्ता उभा केला. आपण ती रीत कपाटात ठेवली आणि प्रत्येक रस्त्यासाठी भूसंपादनाची भांडणं केली. नाही म्हणायला हडपसरलगतच्या मगरपट्ट्यात शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर एकत्र करून स्वतःच नगर वसवलं आणि जमिनीबरोबर नफ्यातही वाटा ठेवला. तिथे रखवालदाराला घर परवडत नाही, हे खरं. पण शेतकऱ्यांना एकत्र येता येत नाही, हे खोटं.

गावठाणाचंही तेच. जुनी हद्द तशीच, कुटुंबं मात्र चौपट, त्यामुळे गावचाच मुलगा शेतात विनापरवाना घर बांधतो. गावठाणाची हद्द वाढवायचा अधिकार महसूल संहितेच्या 122 व्या कलमाने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे. तो किती गावांत वापरला गेला, हे आपापल्या गावात विचारून बघा. ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग याच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला आणि पुढे देशभर स्वामित्व योजना आली. आहे ते मोजून झालं. पुढच्या वीस वर्षांची रेघ मारायला ड्रोन चालत नाही.

शून्य शुल्काला माझा विरोध नाही. राहत्या माणसाचं घर नियमित करा, फुकट करा. पण त्याच आदेशात त्या वस्तीचा रस्ता मूळ मालकाच्या सातबाऱ्यातून काढून ग्रामपंचायतीच्या नावे करायची अट घाला, नाहीतर कागद नियमित होईल आणि कुंपण तसंच राहील. आणि गावकऱ्यांनो, येत्या ग्रामसभेत घरकुलाच्या यादीवरून भांडून झालं, की एक ठराव जरूर मांडा: गावच्या पाणंदी, शिवरस्ते आणि ओढे मोजून, खुणा करून, त्यांचा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावावा. दलालाने फक्की मारायच्या आधी.