लॅपटॉपवर रोज ‘ॲडमिन’ कशाला?

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये विंडोज ११ साठी ‘ॲडमिनिस्ट्रेटर प्रोटेक्शन’ नावाची सोय जाहीर केली. वर्षभराने, डिसेंबर २०२५ मध्ये, काही ॲप्स तिच्यासोबत नीट चालत नाहीत म्हणून ती तात्पुरती बंद केली. बातमी छोटी आहे, पण क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर किंवा गेमचं चीट लॅपटॉपवर चालवणाऱ्या प्रत्येकाशी तिचा संबंध आहे.

आधी फोन बघा. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला वेगळा युजर आयडी मिळतो, त्यामुळे टॉर्चचं ॲप व्हॉट्सॲपच्या चॅट्स उघडू शकत नाही. फोन रूट केला नसेल, तर तुम्ही स्वतःही त्याचे ॲडमिन नसता. कधी काही अडलं का?

विंडोजवर उलटं आहे. नवा लॅपटॉप सुरू करताना बनतं ते पहिलं अकाउंट ॲडमिनचंच असतं आणि बहुतेक जण तेच कायम वापरतात. ‘येस की नो’ विचारणारी यूएसीची खिडकी २००७ मध्ये व्हिस्टासोबत आली. ॲडमिन अकाउंटमध्ये ती सहसा पासवर्ड मागत नाही. आपणही न वाचता येस दाबतो. शिवाय साधी कामं आणि ॲडमिनची कामं एकाच अकाउंटमधून होत असल्याने खिडकी न दाखवताच आत शिरायच्या पळवाटा निघत राहिल्या. यूएसी ही सुरक्षेची भक्कम भिंत आहे असं खुद्द मायक्रोसॉफ्टही म्हणत नाही.

नव्या सोयीत ॲडमिनचं काम एका वेगळ्या, लपलेल्या अकाउंटमधून होतं. पिन, बोट किंवा चेहरा दाखवावा लागतो आणि काम संपलं की ते हक्कही संपतात. कल्पना मला पटते. तरी गुगलच्या प्रोजेक्ट झीरोला तिच्यात नऊ पळवाटा सापडल्या. त्या बुजवल्या गेल्या, ते सोडा.

माझं म्हणणं, तिची वाट बघत बसू नका. स्टँडर्ड अकाउंट विंडोजमध्ये कधीपासून आहे. सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये जाऊन दुसरं एक अकाउंट बनवा, त्याला ॲडमिन करा, पासवर्ड द्या, एकदा लॉगिन करून बघा. मग तिथूनच तुमचं रोजचं अकाउंट स्टँडर्ड करा. हाच क्रम पाळा. नाहीतर दोन्हीकडून अडकाल.

मी घरी असंच वापरतो. क्रोमच्या इन्स्टॉलरला ‘नो’ म्हटलं, तरी तो फक्त तुमच्या अकाउंटपुरता बसायला तयार होतो. व्हीएस कोडचाही तसा वेगळा इन्स्टॉलर मिळतो. झिप उघडून थेट चालणारी सॉफ्टवेअर्स तर कुणाला विचारतच नाहीत. अडतं ते ड्रायव्हरपाशी. ऑगस्ट २०२१ पासून प्रिंटरच्या ड्रायव्हरलाही ॲडमिन लागतो. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड बसवताना पासवर्ड द्यावाच लागतो, कारण ते विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतं. काही जुनी सॉफ्टवेअर्स स्वतःच्या सेटिंग्ज ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्येच लिहायला जातात आणि रुसतात. दोष त्यांचा, तुमच्या अकाउंटचा नाही.

पण याने सगळं सुरक्षित होतं असं समजू नका. तुमचे फोटो, प्रोजेक्टच्या फाइल्स, ब्राउझरमधली लॉगिन्स तुमच्याच अकाउंटमध्ये असतात. तुम्ही चालवलेली क्रॅकची फाइल ॲडमिन नसतानाही ती चोरू शकते किंवा लॉक करू शकते, म्हणून बॅकअप हवाच. पण त्याच लॅपटॉपवर आईबाबांचं वेगळं अकाउंट असेल, तर स्टँडर्डमधून त्यांच्या फाइल्सपर्यंत पोचणं तिला सहज जमत नाही. ॲडमिनमध्ये एक येस पुरतो.