७७७ नावाचा रामबाण

मंडळी, ह्या वीकांताला खरं तर तर्री-पोह्यांवर लिहायचं ठरवलं होतं. पण शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात ते वाक्य पुन्हा एकदा कानावर पडलं आणि डोकं सणकलं. वाक्य असं: "अबे, सेव्हन सेव्हन सेव्हन दे ना, निघून जाईल."

निघून जाईल म्हणे! जसं काही पित्त आहे.

जे ह्या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. लिनक्समधे प्रत्येक फाइलसमोर तीन प्रकारचे लोक असतात: मालक, मालकाचा ग्रुप, आणि उरलेलं जग. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १, बेरीज ७. म्हणजे ७७७ चा अर्थ काय, तर मालकाला सगळं, ग्रुपला सगळं आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही सगळं. आणि हे आमच्याकडे कशावर औषध म्हणून दिलं जातं? "परमिशन डिनाइड" वर. कशामुळे डिनाइड, कोणाला डिनाइड, कुठे डिनाइड, काही विचारायचं नाही. थेट इंजेक्शन.

आता माझी तक्रार हवेत राहू नये म्हणून घडलेला प्रकार सांगतो. कंपनीचं नाव सांगत नाही, ते महत्त्वाचंही नाही. नागपुरातल्या आयटी पार्कात असो की मिहानमधे, हे नाटक कुठल्याही स्टेजवर होतं.

साल २०२५, मे महिना. बाहेर नागपूरचं ऊन, आत सर्व्हर रूमचा एसी कुथतोय. उबुंटू २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट त्याच महिन्यात संपत होता, म्हणून आमच्या टेस्टिंगच्या होस्टवर २४.०४ टाकायचं ठरलं. जुन्यावरच अपग्रेड न करता नवी डिस्क लावली, नवं इन्स्टॉलेशन केलं, युजर पुन्हा तयार केले आणि जुन्या फायली जागच्या जागी आणून ठेवल्या. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कच्या फायली एका सीनियरच्या होम फोल्डरमधे होत्या. तिथे का होत्या? कारण २०२० साली कोणीतरी तिथे ठेवल्या होत्या. (आपल्या क्षेत्रात ह्याला आर्किटेक्चर म्हणतात :-))

संध्याकाळी सात वाजता मशीन सुरू करायला घेतल्या. एकही उठेना. लिबव्हर्ट म्हणतो, अमुक स्टोरेज फाइल उघडता येत नाही, यूआयडी ६४०५५ म्हणून, परमिशन डिनाइड.

इथे क्षणभर थांबा. त्या ओळीत सगळं उत्तर आहे. कोण अडलं? ६४०५५ नंबरचा युजर. हा कोण? डेबियन आणि उबुंटूमधे हा नंबर लिबव्हर्ट-क्यूएमू ह्या युजरसाठी राखून ठेवलेला आहे. तुमची व्हर्च्युअल मशीन तुमच्या नावाने चालत नाही, रूटच्या नावानेही नाही, ह्या कमी अधिकाराच्या युजरच्या नावाने चालते. आणि तो कुठे अडला? फाइलपाशी नाही. फाइलची मालकी तर मशीन सुरू होताना लिबव्हर्ट स्वतःच त्याच्या नावावर करून देतो. तो अडला वाटेत, होम फोल्डरच्या दारात.

कारण असं, की उबुंटूने २१.०४ पासून नवीन युजरचं होम फोल्डर ७५० ठेवायला सुरुवात केली. त्याआधी ते ७५५ असायचं, म्हणजे मशीनवरच्या कोणीही तुमच्या घरात यावं, हिंडावं, बघावं. फोल्डरवरचा तो शेवटचा १ असतो ना, तो "चालवण्याचा" नसतो, "आतून जाण्याचा" असतो. सोसायटीचं उदाहरण घ्या. फ्लॅटची किल्ली तुमच्या खिशात आहे, पण गेटवर नवा वॉचमन आला आणि तो तुम्हाला ओळखत नाही. फ्लॅटचं कुलूप तोडून काय होणार? तुम्ही अजून गेटबाहेरच आहात. वॉचमनच्या वहीत एक नाव लिहिलं की काम झालं.

आमच्याकडे काय झालं ते ऐका. सीनियरने आमच्या फ्रेशरला (चंद्रपूरचा पोरगा, पहिली नोकरी, तीन महिने झालेले) सांगितलं, फाइलला ७७७ दे. दिलं. काही फरक नाही, पडणारच नव्हता. मग आला तो अमर आदेश: "पूर्ण होमला दे, रिकर्सिव्ह." पोरगा म्हणाला, "सर, पूर्ण?" सर म्हणाले, "हो रे, टेस्टिंगचाच तर होस्ट आहे." एंटर. मशीन उठल्या. टाळ्या. कोणीतरी समोसे मागवले. तिकीट बंद.

सोमवारी सकाळी सीनियरला त्या होस्टवर लॉगिनच होईना. की चालत नाही. अहो चालेल कशी? होम फोल्डर किंवा त्यातली किल्ल्यांची फाइल सगळ्या जगाला लिहिण्यासाठी उघडी असेल, तर एसएसएच सर्व्हर त्या किल्लीवर विश्वासच ठेवत नाही. बरोबर आहे त्याचं, कोणीही येऊन आपली किल्ली त्यात टाकून गेला असता. पण "बरोबर आहे त्याचं" असं म्हणायला वेळ कोणाला? बंद असलेलं पासवर्डचं लॉगिन चालू केलं. मग दुसऱ्या जागेवरच्या दोन मशीन ॲपआर्मरने अडवल्या, तर क्यूएमूच्या कॉन्फिग फाइलमधे सिक्युरिटी ड्रायव्हर "नन" आणि युजर "रूट" करून टाकला. एका दाराचं कुलूप उघडत नाही म्हणून तीन दिवसांत घराच्या भिंती काढल्या. आणि प्रत्येक पायरीवर एक तिकीट बंद होत होतं हो! रिपोर्टात आमची टीम हिरवीगार.

तीन आठवड्यांनी क्लायंटचं ऑडिट झालं. त्यांनी हे सगळं ओळीने काढलं. कमांडच्या हिस्ट्रीत लॉगिन कोणाचं? फ्रेशरचं. पत्र कोणाला आलं? फ्रेशरला. त्या कॉलवर आम्ही सहा जण होतो. सीनियर काही बोलला नाही. मीही नाही.

हे शेवटचं वाक्य लिहायला मला बरेच महिने लागले. असो.

आता मला जे म्हणायचंय ते. अपग्रेडने आमच्याकडे काहीही मोडलं नव्हतं. आधीच मोडलेलं होतं, ते अपग्रेडने दाखवलं. पाच वर्षं त्या मशीन चालत होत्या त्या कोणी नीट रचना केली म्हणून नाही, तर सगळ्यांची घरं सगळ्यांना उघडी होती म्हणून. "परमिशन डिनाइड" हा बिघाड नाही, ते उत्तर आहे. तुम्ही विचारलं, जाऊ का? मशीन म्हणाली, हा माणूस ह्या दारातून नाही. पण आम्ही उत्तर वाचतच नाही. गूगलवर टाकतो, पहिलं जे दिसेल ते कॉपी-पेस्ट. इंजिनीअरिंगची चार वर्षं आणि त्यात ऑपरेटिंग सिस्टीमचा अख्खा पेपर, ते कशासाठी होतं मग?

"अरे पण लिबव्हर्ट रूट म्हणून चालवला तर बिघडतं काय? मशीन तर आपल्याच आहेत." हा पुढचा युक्तिवाद. बिघडतं हे: मे २०१५ मधे "व्हेनम" नावाचं एक छिद्र जाहीर झालं. क्यूएमूच्या फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमधे. फ्लॉपी! आणि तो चुकीचा कोड २००४ पासून तिथे बसलेला. तुमच्या मशीनला फ्लॉपी जोडलेली नसली तरी लागू. व्हर्च्युअल मशीनच्या आत रूट मिळवलेला माणूस त्यातून क्यूएमूची मेमरी बिघडवून बाहेर होस्टवर येऊ शकत होता. बाहेर येऊन त्याच्या हाती काय लागणार? क्यूएमू ज्या युजरच्या नावाने चालतो, त्याचे अधिकार. तो ६४०५५ नंबरचा गरीब युजर असेल आणि वर ॲपआर्मर किंवा एसईलिनक्सचं कुंपण असेल, तर तो अंगणातच घुटमळतो. तुम्ही "युजर = रूट" लिहिलं असेल तर सगळा होस्ट आणि त्यावरच्या बाकी सगळ्या मशीन त्याच्या. म्हणजे ज्या अडथळ्याला आपण शुक्रवारी शिव्या घालतो, तो ह्याच दिवसासाठी बांधलेला असतो.

बरं, सगळा दोष आपल्याच लोकांचा असंही मी म्हणत नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. ऑक्टोबर २०२१ मधे व्हर्च्युअलबॉक्सची ६.१.२८ आली. आकडा बघा, किरकोळ अपडेट वाटतं ना? त्यात लिनक्स आणि मॅकवर होस्ट-ओन्ली नेटवर्कसाठी १९२.१६८.५६.० ते १९२.१६८.६३.२५५ एवढेच पत्ते डीफॉल्टने चालतील असं करून टाकलं. वेग्रंट वापरणाऱ्यांच्या कितीतरी मशीन १९२.१६८.३३.१० वर असायच्या, त्या उभ्याच राहिनात. आणि मेसेज काय, तर "ॲक्सेस डिनाइड", आणि पुढे कंसात अधिक माहिती उपलब्ध नाही! अरे राजेहो, पत्ता चालत नाही एवढं तरी सांगा की. लिबव्हर्ट निदान कोण अडलं ते सांगतो. तेव्हा मी एक अख्खा दिवस घालवला. उपाय होता ईटीसीमधल्या व्हीबॉक्सच्या फोल्डरमधे एक नेटवर्क्सची फाइल बनवून हवी तेवढी रेंज लिहिण्याचा. पण जालावर पटकन पसरलं ते काय? शून्य.शून्य.शून्य.शून्य/शून्य. म्हणजे सगळं जग. ७७७ चंच दुसरं रूप. मीही तेच पेस्ट केलं, खोटं कशाला बोलू.

आणखी एक जमात आहे, तिच्याबद्दल बोललंच पाहिजे. "अपग्रेडच करू नका, चालतंय ते चालू द्या." ह्यांना २०२३ च्या फेब्रुवारीची आठवण द्यावीशी वाटते. ईएसएक्सआय-आर्ग्स नावाचं रॅन्समवेअर जगभरातल्या व्हीएमवेअरच्या होस्टवर पसरलं आणि मशीनच्या फायली कुलूपबंद करून गेलं. त्यासाठी ज्या जुन्या छिद्राकडे बोट दाखवलं गेलं, त्याचा पॅच व्हीएमवेअरने फेब्रुवारी २०२१ मधेच दिला होता. दोन वर्षं! दोन वर्षं "चालतंय ते" चालू होतं.

मान्य, क्लायंट फोनवर ओरडत असतो, मॅनेजर पाठीशी उभा असतो, रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि शेवटची मेट्रो डोक्यात असते. अशा वेळी कोणी मॅन्युअल उघडून बसत नाही, मीही बसत नाही. पण आमच्या त्या होस्टवर नीट उपाय करायला लागणारा वेळ मी नंतर मोजला. मेसेजमधला नंबर बघून तो कोणाचा हे काढायला एक कमांड. मग "नेमआय" ला एल लावून पूर्ण पाथ द्यायचा, की प्रत्येक पायरीवरचे हक्क एकाखाली एक दिसतात आणि अडलेली पायरी डोळ्यांसमोर येते. मग "सेटफॅकल" ने त्या एका युजरला त्या एका फोल्डरमधून फक्त जाण्याचा हक्क. वाचण्याचाही नाही, नुसता जाण्याचा. तीन कमांड, चार मिनिटं. त्याहून बरं म्हणजे फायली लिबव्हर्टच्या स्वतःच्या इमेजेस फोल्डरमधे हलवणं, त्याला डिस्क कॉपी होईस्तोवर चहा पिऊन येता येतं. (ग्राफिकल व्हर्ट-मॅनेजर तर बिचारा स्वतःच विचारतो, ह्या पाथवर एम्युलेटरला जायला हक्क नाही, दुरुस्त करू का? पण ती खिडकी वाचायची असते.)

आणि रिकर्सिव्ह ७७७ ला परतीचं तिकीट नाही, हे कोणी सांगतच नाही. कुठल्या फाइलला आधी ६०० होतं आणि कुठल्याला ६४४, हे मशीन लक्षात ठेवत नाही. आधी "गेटफॅकल" ने सगळे हक्क एका फाइलमधे उतरवून ठेवले असतील तरच परत फिरता येतं. चुकून हीच कमांड यूएसआरवर मारली तर सूडूचा सेटयूआयडी बिट उडतो, आणि मग दुरुस्त करायला सूडूच चालत नाही. पाहिलंय मी, ह्याच डोळ्यांनी.

तो चंद्रपूरचा पोरगा नोकरी सोडून गेला नाही, बरं का. उलट जूनमधे त्याने सगळ्या होस्टवर कोणती मशीन कोणत्या युजरने चालते ह्याची एक्सेल शीट काढली, कोणी न सांगता. ती मी मॅनेजरला पाठवली आणि सोबत ते लिहिलं जे मला कॉलवर बोलायचं होतं: आदेश कोणी दिला, खोलीत कोण कोण होतं, त्यात मी होतो. उत्तर आलं, "नोटेड." पत्र मागे घेतलेलं नाही. आता अप्रेझलच्या वेळी पुन्हा विचारणार आहे.

त्या शीटमधे अजून दोन होस्ट लाल रंगात आहेत. त्यातला एक मी काल रात्री उघडला. क्यूएमूच्या कॉन्फिगमधे "युजर = रूट", आणि वरच्या ओळीत कॉमेंट: "तात्पुरतं, नंतर काढणे." तारीख २०२१ ची. खाली इनिशियल्स माझी.