अकरा दिनारची बाटली आणि पोळीबरोबरचा अर्धा कप चहा

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि काहींना झोंबेल. तरी वाचा.

परवा इथे हूरामध्ये, एक्झिबिशन रोडजवळच्या एका फार्मसीत आमच्याच बिल्डिंगमधली एक आई भेटली. हातात गमीजची बाटली, किंमत अकरा दिनार. बाटलीवर हिरवं पान आणि त्याखाली ‘वनस्पतीजन्य पेप्टाइडशी जोडलेलं लोह आणि झिंक’. मुलगा सहा वर्षांचा. हल्ली लवकर दमतो, नीट जेवत नाही. “ताई, हे नॅचरल आहे हो, पोटाला त्रास देत नाही.” मी विचारलं, रक्त तपासलंस का? नाही. चहा पितो का? “सकाळी पोळीबरोबर अर्धा कप. दुधाचाच असतो.”

माझं भांडण त्या आईशी नाही. आपण सगळ्याच अशा बाटल्या घेतो, मीही घेतल्यात. भांडण त्या हिरव्या पानाशी आहे.

बाटलीतलं शास्त्र खोटं नाही, हे आधीच सांगते. सोयाबीन, हरभरा, मूग यांची प्रथिनं एन्झाइमने कापली की छोटे तुकडे मिळतात, तेच पेप्टाइड. त्यातली काही अमिनो आम्लं लोहाला किंवा झिंकला खेकड्याने नांगीत धरावं तशी पकडतात. ‘चिलेट’ हा शब्दच मुळी खेकड्याच्या नांगीसाठीच्या ग्रीक शब्दावरून आलाय. असं धरलेलं लोह आतड्यात साका होऊन वाया जात नाही आणि धान्यातल्या फायटेटच्या तावडीतही कमी सापडतं. कल्पना उत्तम आहे.

पण हे सिद्ध कुठे झालंय? बहुतेक काम प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर झालेलं आहे. माणसांवरचे प्रयोग फार थोडे, आणि लहान मुलांवरचे त्याहून थोडे. दुकानदार तुम्हाला ‘चिलेटेड लोहावर चाचण्या झाल्यात’ म्हणून सांगेल. झाल्यात, पण त्या मुख्यतः आयर्न बिसग्लायसिनेटवर, म्हणजे ग्लायसीन या एकाच साध्या अमिनो आम्लाशी जोडलेल्या लोहावर. ते वेगळं औषध आहे. एकाच्या प्रगतिपुस्तकावर दुसऱ्याला पास कसं करायचं?

आणि ‘वनस्पतीजन्य’ म्हणजे आपोआप चांगलं, हे कुणी ठरवलं? सोयाचं अख्खं प्रथिन लोहाचं शोषण उलट कमी करतं. त्यातलं फायटेट काढून टाकलं तरी तो अडथळा पूर्ण जात नाही. मांस-मासळीतलं प्रथिन पचताना मात्र डाळ-भातातलं लोहसुद्धा जास्त शोषलं जातं. म्हणजे भाताबरोबरचा सुरमईचा तुकडा फुकटात तेच करतो, ज्याचे बाटलीवाला अकरा दिनार घेतो. खाणाऱ्यांनी खावा. न खाणाऱ्यांसाठी पुढे लिहिलंय.

आता चहा. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाच्या बायकांवर अभ्यास झाला होता. आपल्यासारख्याच, घर सोडून गेलेल्यांच्या लेकी. पावाबरोबर चहा घेतल्यावर त्यातल्या लोहाचं शोषण साधारण एक तृतीयांशावर आलं. दूध घातलं म्हणून फारसा फरक पडत नाही. तेव्हा सकाळी पोळीबरोबर चहा द्यायचा आणि संध्याकाळी गमी चघळायला लावायची, हा फुटक्या बादलीत पाणी भरण्याचा उद्योग झाला. मुलाला चहा द्यायचाच कशाला, हा वेगळा वाद आहे. पण द्यायचाच असेल तर जेवणापासून तास-दीड तास लांब. दिवसभर बाटलीने दूध पिणाऱ्या लहानग्यांचंही तेच. पोट दुधाने भरतं, दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि आपण म्हणतो पोरगं जेवत नाही.

आता माझ्या दुसऱ्या विरोधकांकडे वळते, ‘आपल्या आज्यांना सगळं माहीत होतं’ वाल्यांकडे. नाही हो. आज्यांच्या काळात रक्तक्षय भरपूर होता, मुख्य म्हणजे आज्यांनाच होता. पालकातलं लोह कागदावर दिसतं, पोटात फार कमी जातं. नाचणीत शंभर ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं हे खरं, पण त्याबरोबर फायटेट आणि टॅनिनही असतं. म्हणून नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून सत्त्व करायचं किंवा आंबवून आंबील करायची. मोड येताना दाण्यातलं फायटेज जागं होतं आणि फायटेट मोडायला लागतं. त्याच वेळी दाण्यातली एन्झाइम प्रथिनंही कापू लागतात. म्हणजे पेप्टाइडच! उरलेलं कापायचं काम मुलाचं पोट करतं. मटकीला मोड आणा, भिजवलेलं पाणी टाकून द्या, उसळ गॅसवरून उतरवल्यावर ताजं लिंबू पिळा. (इथल्या दुकानात मिळतं ते काळं वाळलेलं लिंबू नव्हे, त्यात क जीवनसत्त्व फारसं उरत नाही.)

साध्या भाकरीने फरक पडतो का? पडतो, आणि तो मुलांवर मोजलेला आहे. ‘धनशक्ती’ नावाचं जास्त लोहाचं बाजरीचं वाण इक्रिसॅटने काढलं आणि २०१२ साली ते महाराष्ट्रात आलं. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलांना सहा महिने एकतर या बाजरीची किंवा साध्या बाजरीची भाकरी दिली. जास्त लोहाच्या भाकरीवाल्या मुलांमधला शरीरातला लोहाचा साठा चार महिन्यांतच वाढलेला दिसला. तिकडे बेळगावात दोन वर्षांच्या आसपासच्या पोरांना जास्त लोहाच्या बाजरीचा शिरा, उपमा, रोटी देऊन मोजलं, तर रोज सरासरी ०.६७ मिलिग्रॅम लोह शोषलं गेलं. साध्या बाजरीतून ०.२३. ना पेप्टाइड, ना हिरवं पान.

बहारीनमध्ये २००१ पासून सरकारी योजनेखाली गव्हाच्या पिठात लोह आणि फॉलिक ॲसिड घालतात. पण आपण आणतो ते भारतातल्या आट्याचं पाकीट. त्यात घातलंय की नाही, ते पाकिटावर वाचा.

आता खरी भीती. मूल खरंच ॲनिमिक असेल तर ना माझी मटकी पुरणार, ना तुमची गमी. उपचारात डॉक्टर साधारण दर किलो वजनाला ३ मिलिग्रॅम लोह देतात, म्हणजे वीस किलोच्या मुलाला ६० मिलिग्रॅमच्या घरात. त्या बाटलीवर मी वाचलं, एका गमीत होतं ३ मिलिग्रॅम. ‘चालू केलंय ना काहीतरी’ या समाधानात सहा महिने जातात, आणि ते दिवस वाढीचे आणि शाळेचे असतात. उलट काही मुलांचं हिमोग्लोबिन थॅलेसेमिया मायनरमुळे कमी असतं, लोह पुरेसं असूनही. त्यांना वर लोह देऊन काय मिळणार? म्हणून आधी सीबीसी आणि फेरिटिन. पाच वर्षांवरच्या मुलाचं फेरिटिन १५ च्या खाली असेल तर साठा संपलाय असं धरतात. ताप-सर्दीत मात्र आकडा फसवा, वर गेलेला येतो, म्हणून बरं झाल्यावर तपासा.

त्या आईने गेल्या आठवड्यात तपासणी केली. फेरिटिन ८. डॉक्टरांनी साधे लोहाचे थेंब लिहून दिले. शी काळी होते म्हणून पोरगा रोज ओरडतो, पण घेतो. थेंब संत्र्याच्या रसातून, चहा बंद. गमीजची बाटली तिने कपाटावर सगळ्यात वर, खोक्यामागे ठेवलीय, कारण घरात दोन वर्षांची धाकटीही आहे. तिला त्या गोळ्या-चॉकलेट वाटतात, आणि लोह जास्त पोटात गेलं तर एवढ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.