दत्तक नको म्हणता, मग प्रतिपालक का होत नाही?

‘इस्लाममध्ये दत्तक नाही.’ एवढं म्हटलं की आपल्याकडे अनाथ मुलाचा विषय संपतो. मग रमजानमध्ये यतीमखान्याला जकात आणि ईदला कपडे. मूल मात्र यतीमखान्यातच राहतं. मला त्या वाक्याशी वाद घालायचा नाही, त्याच्या आड लपणाऱ्यांशी घालायचा आहे.

आक्षेप नेमका कशाला आहे? सूरह अहजाबच्या चौथ्या-पाचव्या आयतीत मुलाला त्याच्या खऱ्या बापाच्या नावानं ओळखा, असा आदेश आहे. मनाई वंश पुसण्याला आहे, सांभाळण्याला नाही. पैगंबर मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते. आजोबा अब्दुल मुत्तलिब आणि नंतर चुलते अबू तालिब यांच्या घरात ते वाढले.

आता देशाचा कायदा पाहा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ मध्ये फॉस्टर केअर आहे. सरकारी मराठीत प्रतिपालकत्व. यात मुलाचं नाव आणि वंश तसाच राहतो. जन्मदाते असतील तर त्यांना भेटता येतं. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवलं जातं. ही कफालत नाही तर काय? संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या विसाव्या कलमात फॉस्टर केअरच्या शेजारी कफाला हा शब्द नावानिशी आहे, आणि ती संहिता भारतानं १९९२ मध्ये स्वीकारली. ज्यांना दत्तकच घ्यायचं आहे, त्यांचा मार्ग सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये शबनम हाश्मी खटल्यात मोकळा असल्याचं सांगितलं आहे. ज्यांना नको, त्यांच्यासाठी हे दार आहे.

या दारावर पहारा आहे. सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन चौकशी करतो. घरच्यांची वैद्यकीय तपासणी होते. उत्पन्न, जागा, गुन्ह्याची पार्श्वभूमी पाहिली जाते. मग बाल कल्याण समिती आदेश देते, आणि मूल घरी आल्यावरही दर महिन्याला पाहणी करण्याचं काम कायद्यानं समितीवर टाकलं आहे. यावर आपली मंडळी म्हणतात, ‘नेकी करायची तर सरकारला कशाला विचारायचं?’ विचारायचं, कारण गावाकडून ‘सांभाळायला’ आणलेली यतीम भाची मी भांडी घासताना पाहिली आहे, शाळेत जाताना नाही. माझं काम सॉफ्टवेअरचं. आत कोण येतो ते आधी तपासायचं आणि आल्यावर काय करतो त्याची नोंद ठेवायची, हा आमचा पहिला धडा. बँकेच्या खात्यासाठी एवढी काळजी घेतो, मग लेकरासाठी का नको?

पण पहारेकऱ्यानंही नियमानंच वागावं. मुंब्र्यातल्या माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला एका कार्यालयात तोंडी सांगितलं गेलं, ‘घर भाड्याचं आहे, स्वतःचं झालं की या.’ लेखी मागितलं तर मिळालं नाही. नियम पुरेशी जागा आणि मूलभूत सोयी मागतो, मालकीचा कागद नाही. कायदा कुटुंबाची क्षमता, इच्छा आणि मुलं सांभाळण्याचा अनुभव पाहायला सांगतो. ज्या समाजाला नाव ऐकून भाड्याचं घरही नाकारलं जातं, त्याच्याकडे मालकीचा कागद मागणं म्हणजे अर्ज करूच नका असं सांगणं. म्हणून तीन मागण्या. निकष मराठीत आणि उर्दूत कार्यालयाच्या भिंतीवर लावा. नकार द्यायचा तर कारणासह लेखी द्या. निर्णयाला मुदत घाला.

आपल्याकडची सबबही संपवू या. ‘परकं मूल मोठं झाल्यावर नामेहरम होतं, मग घरात पडद्याचं काय?’ चुलत, मामे भावंडंही नामेहरमच असतात. तरी एकाच छताखाली आपल्या पिढ्या वाढल्या, आणि अदब कशी राखायची हे आपल्या आया-आजींना ठाऊक होतं. खर्चाचं म्हणाल तर मिशन वात्सल्यमध्ये मुलामागे महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. जोडीदार नाही म्हणाल तर २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येईल असं केलं आहे. फक्त एकट्या पुरुषाकडे मुलगी दिली जात नाही. विधवा किंवा तलाक झालेल्या ज्या बाईला आपण ‘बिचारी’ म्हणून कोपऱ्यात बसवतो, तिला कायदा आई म्हणून विचारात घेतो. आपण कधी घेणार?

यतीमखान्याची देणगी बंद करा असं मी म्हणत नाही. पण पावती फाडून जबाबदारी संपत नाही. प्रत्येक मोहल्ल्यातून यंदा एका तरी घरानं जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करावा, आणि तुम्ही शिकलेल्या पोरांनी तो भरून द्यावा, सोबत जावं, पोच घेऊन यावी. नकार आला तर तो लेखी आणा. पुढचं भांडण त्या कागदावर करू.