तांगा भंगारात देऊ नका

हैदराबादेत तारनाक्याच्या रहदारीत टापांचा आवाज आता ऐकू येत नाही. निजामाच्या बग्ग्या चौमहल्ला राजवाड्यात जपल्या आहेत. आपल्या आजोबांचा साधा तांगा मात्र परसात कुजतो, हे मनाला लागते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी जन्मभर जमवलेला संग्रह १९७५ साली महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. तो आजही सर्वांना पाहता येतो.

आपला तांगाही असा एखाद्या संग्रहालयाला द्यायचा तर आधी चाक पाहा. लाकूड वाळून आकसले की लोखंडी धाव सैल होते. ती तापवून, लाल असतानाच चढवणारा जाणता लोहार शोधा. ऑइलपेंट मुळीच फासू नका, जुन्या रंगाचा पापुद्राही पुरावा असतो. सोबत घरातला एखादा फोटो आणि तांगा हाकणाऱ्याचे नाव जरूर लिहून द्या.