साध्या फोनवाल्यांना डेटाची सक्ती नको

‘आता प्रत्येकाला इंटरनेट लागतेच, मग फक्त बोलण्याचा वेगळा रिचार्ज हवा कशाला?’ हे गेल्या आठवड्यातील पत्रलेखकांचे म्हणणे पटले नाही. माझ्या सत्तरी ओलांडलेल्या आत्याकडे बटणांचा फोन आहे. लेकीचा फोन घ्यायचा, बँकेचा ओटीपी आणि गॅस सिलिंडरचा कोड पाहायचा, एवढाच त्याचा उपयोग. तरी दर महिन्याला दुकानदार तिच्या हाती रोजच्या दीड जीबीचा पॅक देतो. तो डेटा त्या फोनवर वापरणार कसा?

अशा ग्राहकांसाठीच ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलला. कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे किमान एक व्हाउचर ठेवलेच पाहिजे, आणि विशेष व्हाउचरची मुदत ९० ऐवजी ३६५ दिवसांपर्यंत असू शकते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ही कोणावर मेहेरबानी नव्हे. जे वापरायचे त्याचेच पैसे द्यावेत, इतकी साधी गोष्ट आहे. पण दुकानात या पॅकचे नावही कोणी काढत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा रिचार्ज करताना वाचकांनी डेटाविना पॅक मुद्दाम मागून घ्यावा, ही विनंती.

— एक वाचक, सातारा