न्यायमूर्तिपदासाठी समाजाचे ठराव नकोत

मागचा अंक निघाल्यापासून कार्यालयात आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयावर आहेत. अमुक वकिलांना उच्च न्यायालयात घ्यावे, असा ठराव त्यांच्या समाजाच्या संघाने केला. प्रती मुख्यमंत्री, कायदामंत्री आणि मठाच्या स्वामीजींकडे गेल्या. त्यावर दुसऱ्या समाजाच्या संघाने आपल्या माणसासाठी ठराव केला. एका वाचकाने अशा ठरावाची प्रतच जोडली आहे. वर देवतेचे नाव, खाली नोंदणी क्रमांक, मग उमेदवाराची जात-पोटजात, वडिलांनी समाजभवनाला दिलेली देणगी आणि शेवटी गोल शिक्का. उमेदवाराच्या वकिलीबद्दल एकच ओळ आहे : समाजबांधवांची प्रकरणे त्यांनी कमी फीत चालवली. दिवाणी की फौजदारी, किती रिट, किती अपिले, एखादा रिपोर्ट झालेला निवाडा, यातले काहीही नाही. सह्या करणाऱ्यांत सनदधारक वकीलही आहेत, आणि संतापाचे खरे कारण तेच आहे.

प्रतिनिधित्वाच्या मागणीला आमचा विरोध नाही. उलट ती मागणी आकडे हातात घेऊन, ठणकावून केली पाहिजे. 2018 पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्या 715 न्यायाधीशांत अनुसूचित जातींचे 22, अनुसूचित जमातींचे 16, इतर मागासवर्गीय 89 आणि अल्पसंख्याक 37, असे उत्तर 2025 मध्ये कायदामंत्र्यांनी राज्यसभेत दिले. 2023 च्या जानेवारीत न्या. अब्दुल नझीर निवृत्त झाल्यापासून न्या. अमानुल्ला येईपर्यंत सर्वोच्च न्यायालयात एकही मुस्लिम न्यायाधीश नव्हता. याबद्दल कोणत्याही संघटनेने, अगदी धार्मिक संघटनेनेही, आवाज उठवला तर तो तिचा हक्क आहे. पण वर्गाला वाटा मागणे आणि खुर्चीवर नाव लिहून देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

म्हैसूरच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. 1918 साली नाल्वडी कृष्णराज वडियारांनी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते सर लेस्ली मिलर, संस्थानच्या चीफ कोर्टाचे मुख्य न्यायाधीश. लिंगायत, वक्कलिग, मुसलमान अशा समाजांनी तेव्हा सरकारी नोकऱ्यांत वाटा मागितला आणि समितीने तो द्यावा असे सांगितले. मागणी उघड होती, वर्गाची होती आणि तिला हिशेब होता. पुढे 1962 मध्ये म्हैसूर सरकारने वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या 68 टक्के जागा राखीव केल्या तेव्हा बालाजी खटल्यात तो आदेश रद्द करणारा निवाडा सर्वोच्च न्यायालयात न्या. गजेंद्रगडकरांनी लिहिला. साताऱ्याच्या संस्कृत पंडिताच्या घरातला हा माणूस. तेव्हा जात पाहून न्यायाधीश ओळखणाऱ्यांना वाटले असेल, घराण्याला शोभेसा निकाल दिला. त्याच गजेंद्रगडकरांनी 1966 च्या जानेवारीत सत्संगींचा, म्हणजे मंदिरे हरिजनांना खुली करणाऱ्या कायद्यातून आपला पंथ वगळा म्हणणाऱ्यांचा, दावा फेटाळला. ठरावावर शिक्का मारणाऱ्यांनी हे दोन निवाडे शेजारी ठेवून वाचावेत.

धर्मपीठाने न्यायाधीशाला जाब विचारण्याचा प्रकारही आपल्याकडे नवा नाही. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल रानड्यांवर ग्रामण्याचे प्रकरण झाले, शंकराचार्यांनी चौकशीला शास्त्री पाठवले, आणि रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्तही घेतले. त्या प्रायश्चित्ताबद्दल सुधारकांनी त्यांना कडक बोल लावले. पण 1893 मध्ये तेलंगांच्या निधनानंतर मुंबई हायकोर्टाची जागा रानड्यांना मिळाली, ती त्यांच्या न्यायकामाच्या बळावर. पीठाचा निर्णय पीठापाशी राहिला.

आज मात्र पीठाच्या कागदाला आत जायला वाट आहे, आणि ती कार्यपद्धतीनेच ठेवली आहे. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायाधीश नावे ठरवतात. प्रस्ताव मुख्यमंत्री आणि राज्यपालांकडे जातो आणि राज्याने सहा आठवड्यांत मत कळवायचे असते. केंद्र गुप्तवार्ता विभागाचा अहवाल जोडते आणि मग सर्वोच्च न्यायालयाचे कॉलेजियम बघते. 20 एप्रिल 2021 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने गुप्तवार्ता विभागाला चार ते सहा आठवडे आणि केंद्राला आठ ते बारा आठवडे घालून दिले. या सबंध वाटेवर उमेदवाराचा सामाजिक प्रवर्ग विचारला जातो, त्याच्याबद्दल पोलिसांना विचारले जाते, राज्य सरकारला विचारले जाते. वीस वर्षे त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या वकिलाला मात्र विचारण्याची पद्धत कुठेही लिहिलेली नाही. ज्याला तो कोर्टाची दिशाभूल करतो की नाही हे ठाऊक, त्याला रकाना नाही. साहजिकच मुख्यमंत्र्यांच्या टेबलावर स्वामीजींची शिफारस पोहोचते. मंत्रिपदासाठी 2020 च्या जानेवारीत हरिहरच्या व्यासपीठावर पंचमसाली पीठाच्या स्वामीजींनी मुख्यमंत्र्यांना काय सुनावले ते सगळ्या कर्नाटकाने पाहिले. ती गोष्ट निदान माइकवर झाली. न्यायाधीशांच्या बाबतीत तीच गोष्ट बंद पाकिटातून होते.

आणि जे वकील रीतसर आक्षेप घेतात त्यांचे काय होते, हे 2023 मध्ये दिसले. व्हिक्टोरिया गौरी यांची मद्रास उच्च न्यायालयासाठी शिफारस 17 जानेवारीला झाली. मुस्लिम आणि ख्रिस्ती समाजांबद्दलच्या त्यांच्या जाहीर विधानांवर बोट ठेवून तिथल्या वकिलांनी कॉलेजियमला आणि राष्ट्रपतींना लिहिले. मग याचिका केली. सुनावणी आधी 10 फेब्रुवारीला होती. दरम्यान नेमणुकीची अधिसूचना निघाली म्हणून ती 7 तारखेच्या सकाळी घेतली, आणि त्याच सकाळी चेन्नईत शपथविधी उरकला. वरातीमागून घोडे. न्या. संजीव खन्ना आणि न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितले की पात्रता न्यायालय तपासू शकते, योग्यता नाही. ती कॉलेजियमने पाहायची. गौरींप्रमाणे राजकीय पार्श्वभूमी आपल्यालाही होती, असे गवईसाहेबांनी त्या वेळी म्हटले आणि ते रास्त आहे. पार्श्वभूमी हा गुन्हा नाही. पण योग्यता न्यायालय पाहणार नाही आणि कॉलेजियम वकिलांना विचारणार नाही, तर ती पाहायची कोणी आणि कधी? शिफारस तयार झाल्यानंतर काही बाबी लक्षात आल्या, हे तर सरन्यायाधीशांनीच न्यायालयात मान्य केले होते. शिफारशीआधी त्या लक्षात आणून द्यायला खिडकीच नव्हती.

आमच्या नजरबादच्या कार्यालयाजवळ मिनी विधानसौध आहे. तिथे तहसीलदाराकडून जातीचा दाखला काढायचा तर शेतकऱ्याच्या मुलाला कागद लावावे लागतात, आणि निर्णय पटला नाही तर ठरलेल्या मुदतीत असिस्टंट कमिशनरकडे अपील करता येते. दाखल्याला जेवढी प्रक्रिया आहे तेवढी उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या योग्यतेला नसावी, हे आपल्या व्यवसायाने इतकी वर्षे कसे खपवून घेतले?

अमेरिकेचे उदाहरण देऊन काही वाचक म्हणतात, तिथे तर धर्मसंस्था उघड बाजू घेतात. घेतात. 24 एप्रिल 2005 ला लुइव्हिलच्या चर्चमधून न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठीचा मेळावा देशभर प्रक्षेपित झाला. पण तिथे सिनेटमध्ये उघड सुनावणी होते, उमेदवाराला प्रश्न विचारले जातात, मत नोंदवले जाते. आपण त्यातली दडपणाची बाजू तेवढी उचलली आहे. इंग्लंडमध्ये 2006 पासून स्वतंत्र आयोग आहे. तिथे उमेदवार अर्ज करतो आणि त्याचे काम पाहिलेल्यांचे अभिप्राय मागवले जातात. आपल्याकडे 2015 मध्ये राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग रद्द झाला तो योग्यच झाला असे आमचे मत आहे, पण त्यानंतर कॉलेजियमने स्वतःची दारे किती उघडली? 2017 पासून ठराव संकेतस्थळावर येतात, 2024 च्या अखेरीस उमेदवारांना भेटायला पुन्हा सुरुवात झाली. भेटायला सुरुवात झाली तीही न्या. शेखरकुमार यादवांनी विश्व हिंदू परिषदेच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणावरून देशभर वाद पेटल्यानंतर. चांगले पाऊल उचलायला दरवेळी एखादी नामुष्की का लागावी?

आता आपल्याच लोकांबद्दल. मागच्या वर्षी या मासिकाने वाचक-वकिलांना विचारले होते की उमेदवारांच्या कामाबद्दल लेखी माहिती द्यायची पद्धत झाली तर तुम्ही नावानिशी द्याल का. उत्तरे इतकी थोडी आली की ती छापण्यासारखी नव्हती. बाररूममध्ये दुपारच्या चहाला मात्र प्रत्येकाला सगळे ठाऊक असते : कोण तहकुबी विकतो, कोण न वाचता उभा राहतो, कोण ज्युनियरचा मसुदा स्वतःच्या नावावर खपवतो. उद्या हाच माणूस समोर न्यायासनावर बसला तर माझे प्रकरण बुडेल, ही भीती खरी आहे. पण त्याच भीतीपोटी लोक जातीच्या संघाच्या आडोशाला जातात, कारण तिथे शिक्का संघाचा असतो. आपण बोलत नाही म्हणून स्वामीजी बोलतात.

म्हणून वाचकांनो, मागणी एकच आणि नेमकी करू या. उच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने नावे पाठवण्याआधी, उमेदवार जिथे वकिली करतो त्या बारमधल्या आणि त्याच्याविरुद्ध प्रकरणे लढवलेल्या वकिलांकडून शपथपत्रावर, सीलबंद माहिती ठरावीक मुदतीत मागवावी. निनावी कागद केराच्या टोपलीत जावा. कोणत्याही धार्मिक वा जातीय संस्थेचे, विरोधाचे असो की पाठिंब्याचे, व्यक्तीबद्दलचे पत्र न उघडता परत पाठवावे, आणि परत पाठवल्याची नोंद ठेवावी. प्रवर्गवार आकडे मात्र दरवर्षी, उच्च न्यायालयवार, न मागता जाहीर करावेत.

निवेदनाचा मसुदा या अंकात मधल्या पानांवर दिला आहे. बेळगाव, निपाणी, धारवाड, कलबुर्गी आणि कोल्हापूरच्या वाचकांनी आपापल्या बारच्या सर्वसाधारण सभेत तो मांडावा. मंजूर झाला तर प्रत आम्हाला पाठवा, फेटाळला गेला तर कारणांसह पाठवा, आम्ही दोन्ही छापू. ज्यांनी समाजाच्या ठरावावर सनद क्रमांक घालून सही केली आहे त्यांनी ती लेखी मागे घ्यावी. समाजसंस्थांच्या नावाने येणाऱ्या, संभाव्य न्यायमूर्तींचे आगाऊ अभिनंदन करणाऱ्या जाहिराती पुढच्या अंकापासून आम्ही स्वीकारणार नाही. ज्यांनी त्यासाठी पैसे भरले आहेत त्यांनी पावती दाखवून नजरबादच्या कार्यालयातून परत न्यावेत.